कितवीवाल्या बाई

बाईंनी उभ्या जन्मात कुठल्या मुलीला वय विचारलं नाही. नर्सच्या कार्डावर नावाखालोखाल पहिला रकाना वयाचाच, पण बाई तो कोरा ठेवायच्या, चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि विचारायच्या, "कितवीतून शाळा सोडली गं?" मुलगी बावरायची. घरून निघताना सासूनं तिच्याकडून 'एकोणीस' एवढंच घोकून घेतलेलं असायचं, शाळेचं कुणी पढवलेलं नसायचं. मग ती बिचारी खरं बोलून जायची. "आठवीतून." "आणि त्याला किती दिवाळ्या झाल्या?" "दोन." झालं! बाई बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजायच्या आणि मान हलवायच्या.

आमचं गाव नगरकडच्या कर्जत तालुक्याच्या कोरड्या अंगाला. तिथं त्यांना सगळे कितवीवाल्या बाईच म्हणायचे. आरोग्य उपकेंद्राच्या पाटीखाली त्यांचं खरं नाव रंगवलेलं होतं, पण ते कुणी वाचल्याचं मला आठवत नाही. बाई मूळच्या राहात्याच्या, पेरूच्या बागांतल्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, एक भाचा काय तो जवळचा. त्या आमच्या माळावर आल्या आणि टिकल्या. मधे दोनदा बदली झाली, दोन्ही वेळा खटपट करून परत आल्या. लोक म्हणायचे, बाईला वेड लागलंय. बागायती सोडून कुणी कुसळात येतं का!

आमच्या गावातल्या सगळ्या सुना एकोणीस वर्षांच्या. अठरा सांगितलं की साहेब लोक डोळे वर करून बघतात, एकोणिसाला कुणी बघत नाही, एवढी अक्कल गावाला होती. बाई सासवांना तोंडावर म्हणायच्या, "तुमच्या गावाला सोळा-सतरा मोजताच येत नाही का हो? पोरी पंधरावरून उडी मारतात ती थेट एकोणिसावर!" सासवा पदर तोंडाला लावून हसायच्या. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. ऊसतोडीला एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, जोडपं असलं तर पुरा कोयता. मुकादम पुऱ्या कोयत्याला आधी उचलतो. म्हणून टोळी निघायच्या आत पोरं उजवून टाकायची, आणि पोराला बायको हवी म्हणजे कुणाची तरी पोरगी शाळेतून उठवायची. मलाही तशीच उठवली, नववीतून.

मी पहिल्यांदा उपकेंद्रात गेले ती एका बुधवारी, तपासणीच्या वारी, सासूच्या मागे मागे, चौथा महिना लागलेला. सासू माझ्यासाठी आणि स्वतःसाठी, दोघींचं बोलायची. बाईंनी तिला दोन मिनिटं बोलू दिलं आणि मग एक पत्र्याचा डबा तिच्या हातात ठेवला. "मावशी, एवढे हुलगे निवडून देता का? माझे डोळे गेलेत मेले. उजेडात बसा, पायरीवर." सासू पायरीवर गेली आणि बाईंनी दार लावलं. आतला पंखा इतका खडखडायचा की बाहेर काही ऐकू जात नसे. पुढं मला कळलं, तो दुरुस्त करायला वायरमन दोनदा आला होता आणि बाईंनी त्याला चहा पाजून परत पाठवला होता.

मग त्यांनी माझं वजन केलं, दंडाला पट्टा बांधून प्रेशर बघितलं, पोटाला हात लावला. ते झाल्यावर समोर खुर्ची ओढून नुसत्या बसल्या. "आता बोल. हुलगे पुष्कळ आहेत." मी काय बोलणार! मी रडले. त्यांनी रडू दिलं. शेवटी मी म्हटलं, "मला धाव्वीला बसायचं हुतं." बाळाची भीती वाटते, पोटात दुखतं, नवरा ऐकत नाही, यातलं काहीच माझ्या तोंडून निघालं नाही, निघालं ते हे. बाई म्हणाल्या, "बसशील की. आधी हे सुखरूप होऊ दे." आणि बाळ दीड वर्षाचं झाल्यावर त्यांनी खरोखरच माझा बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. मी घरी राहून, लेकराला मांडीवर घेऊन अभ्यास केला आणि काठावर पास झाले. त्या दिवशी बाईंनी सगळ्या आळीला पेढे वाटले. माझ्या लग्नातसुद्धा कुणी एवढं खूश नव्हतं.

त्या लाल गोळ्यांचं काय सांगू! रक्तवाढीच्या गोळ्या आम्ही सगळ्या पोरी परसात फेकायचो, मळमळतं म्हणून. बाई एकदा अचानक घरी आल्या, परसात गेल्या, कोंबड्यांकडं बघत उभ्या राहिल्या. "मंगे, तुझ्या कोंबड्या अंगानं बऱ्याच भरल्या गं. रक्त चांगलं वाढलंय त्यांचं." मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. दुसऱ्या बुधवारपासून गोळी त्यांच्यासमोर गिळायची आणि वर पेरूची फोड खायची, असा नियम झाला. सुट्टीवरून येताना त्या राहात्याहून पिशवी भरून पेरू आणायच्या. आंबट-गोड फळ खाल्लं की गोळी अंगी लागते म्हणायच्या. नवऱ्यांनाही सोडायच्या नाहीत. माझ्या नवऱ्याच्या मोटारसायकलची किल्ली काढून घेऊन त्यांनी त्याला बाकावर बसवलं होतं. "तीन वर्षं दुसरं मूल नको. काय करायचं ते मी सांगते, लाजायचं असेल तर लाजत ऐक." तो वीस वर्षांचा पोरगा मान खाली घालून अर्धा तास ऐकत होता.

पुढं मी पंचविशी ओलांडली आणि गावची आशा झाले, म्हणजे घरोघर हिंडून पोटुशा बायकांची नोंद करायची, त्यांना उपकेंद्रात आणायचं. तेव्हा हुलग्यांची गंमत मला कळली. सगळ्या गेल्यावर बाईंनी कनवटीतून एक पुरचुंडी काढली आणि सासवांनी निवडून ठेवलेले खडे परत डब्यात ओतले. वर हात घालून ढवळलेसुद्धा. मी बघतच राहिले. त्या म्हणाल्या, "अगं, खडे संपले तर सासवांना काम काय देऊ?"

बाईंचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. औषधं देणारा माणूस चिठ्ठी उलटी धरून बघायचा. म्हणून कार्डं मी भरायची असं ठरलं. "तुझं अक्षर फळ्यावरचं आहे, मंगे. फक्त तुझा नऊ तेवढा शेपूट उडवतो." माझ्या नवाची शेपटी जरा जास्तच वळते, ते खरं. बाईंची कार्डं मी भरते याचा मला भारी तोरा होता. त्या तोऱ्यातच मी आरतीचं कार्ड भरलं.

आरती म्हणजे गयाबाईची सून. गयाबाई आमच्याच आळीतली, तोंडानं फाटकी, मनानं वाईट नव्हे. भावकीतल्या सुनांना घेऊन ती याआधीही कितीदा पायरीवर हुलगे निवडून गेलेली. आरती उंच, थोराड बांध्याची, बघणाऱ्याला एकोणीस पटावं अशी. मी नोंद करायला घरी गेले तेव्हा गयाबाई चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. "एकुनीस लिव्ह. दुसरं कायबी लिव्हलंस तर ही पोरगी तुज्या दवाखान्याची पायरी चढनार न्हाई, सांगून ठिवते." अठराच्या आतली मुलगी पोटुशी असली की पोलिसांत कळवावं लागतं, कायदाच आहे तसा. गयाबाईच्या पोराला मिसरूडही धड फुटलं नव्हतं, त्याला धरून नेतील ही तिची धास्ती. मी विचार केला, पोरगी तपासणीला येणं महत्त्वाचं. लिहिलं एकोणीस. बाई कोरा ठेवायच्या तो रकाना मी त्यांना न विचारता भरला.

बुधवारी आरती आली. गयाबाई हुलगे घेऊन पायरीवर बसली, पंखा खडखडायला लागला. बाईंनी विचारलं, "कितवीतून?" "आठवीतून." "दिवाळ्या?" "एकच की." बाईंनी पेरं मोजली. पंधरा. मग त्यांनी माझ्या हातातलं कार्ड घेतलं आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या. आरतीला पेरूची फोड देऊन बाहेर पाठवल्यावर म्हणाल्या, "मंगे, हे खोडायला पाहिजे. पंधरा लिहून वर लाल खूण करायला पाहिजे. अशा पोरींचं प्रेशर कधी चढेल नेम नसतो. खूण असली म्हणजे जिथं जाईल तिथली नर्स तिला धरून ठेवते." मी हातापाया पडले. "बाई, खोडलं तर ती परत यायची न्हाई. गयाबाई तिला दडवून ठेवंल. निदान हितं तुमच्या नजरेखाली तरी हाय." बाईंनी कार्ड मला परत दिलं. अशा वेळी त्या कधी माघार घेत नसत. मग म्हणाल्या, "पुढच्या बुधवारी गयाबाईशी मी बोलते. तिला समजावून मगच लिहू."

पुढचा बुधवार आलाच नाही. म्हणजे वार आला, पण त्याआधी सोमवारीच ट्रॅक्टर आले आणि टोळी उत्तरेकडच्या एका कारखान्यावर निघून गेली. त्या वर्षी गाळप लवकर सुरू झालं होतं. मी धावत गेले तेव्हा आरती ट्रॉलीत भांड्यांच्या पोत्यावर बसली होती. मी ओरडून सांगितलं, डोकं दुखलं, अंगाला सूज आली, डोळ्यांपुढं काजवे आले की तडक दवाखाना गाठायचा. तिनं पिशवीतून कार्ड काढून मला हलवून दाखवलं, हाय जवळ म्हणून. हसत होती ती.

आरती कार्ड घेऊन तिकडं तपासणीलाही गेली होती. सातव्या महिन्यात, स्वतःहून, डोकं दुखतं म्हणून. तिथल्या नर्सनं कार्ड वाचलं. एकोणीस वर्षं, पहिलं बाळंतपण, कसली खूण नाही. प्रेशर जरासंच चढलेलं होतं. आराम कर, पुढच्या आठवड्यात ये, असं सांगितलं. तिथल्या नर्सबाईंचा काय दोष? जे लिहिलं होतं ते त्यांनी वाचलं. आराम त्या पाचटाच्या कोपीत कुठला! चौथ्या दिवशी फडातच तिला झटके आले. दवाखान्यात नेईपर्यंत शुद्ध हरपली होती. बाळ डॉक्टरांनी वाचवलं. आरती गेली.

बातमी आली तेव्हा बाई लस टोचत होत्या. त्यांनी रांगेतली सगळी लेकरं टोचून संपवली, सुया डब्यात टाकल्या, हात धुतले. मग मोरीशीच खाली बसल्या. त्यांना उठवायला मला दोघीजणींना बोलवावं लागलं.

महिन्याभरानं गयाबाई नात घेऊन आली, लस द्यायला. दुपट्यात एवढासा गोळा. मी पोर घेतलं. गयाबाई सवयीनं पायरीवर जाऊन बसली आणि म्हणाली, "आना तो डबा, निवडते." कुणी काही न सांगता. बाई दारात आल्या. गयाबाई डब्यात बोटं फिरवत बोलायला लागली, वर न बघता. "बाई, खडे दर बारीला तेच असत्यात. ह्यो लाल, ह्यो चपटा. मला पयल्यापासनं ठावं हुतं. तरी मी निवडीत बसायची. म्हनलं, आपल्याच्यानं खरं बोलवत न्हाई, पोरगी आत बाईला सांगंल, बाई काय ते करंल. तुमाला कळलं हुतं ना, बाई?"

बाई म्हणाल्या, "कळलं होतं."

"मंग तुमी का थांबला?"

बाई गयाबाईशेजारी पायरीवर बसल्या आणि दोघी मिळून हुलगे निवडत राहिल्या. मी आत त्या पोरीला छातीशी धरून उभी होते. मीच लिहिलं, मीच थांबवलं, हे ओरडून सांगावंसं वाटत होतं आणि मी नुसतं तिचं दुपटं सारखं करत राहिले. आजही त्या क्षणाची मला शरम वाटते.

चौकशी लागली. तालुक्याहून साहेब आले, टेबलावर आरतीचं कार्ड ठेवलं. शाळेच्या दाखल्याप्रमाणे वय पंधरा, कार्डावर एकोणीस, हे कुणी लिहिलं? मी पुढं व्हायला पाऊल उचललं आणि बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "अक्षर माझं आहे." साहेबांनी कार्ड बघितलं, बाईंकडं बघितलं, एक कागद पुढं सरकवला. लिहून दाखवा म्हणाले. त्या मुंग्यांच्या रांगेवर कुणाचा विश्वास बसणार! बाईंनी लिहिलं. साहेबांनी दोन्ही कागद शेजारी धरले, मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला. त्यांना कसं पटलं देव जाणे. मला वाटलं, त्यांनी धड बघितलंच नाही, त्यांनाही उरकायचं असेल.

साहेबांची गाडी गेल्यावर मी बाईंना म्हटलं, मी आत्ता जाते, खरं सांगते. बाई एवढ्या चिडलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत. "तू गेलीस तर बुधवारी दार कोण उघडणार? माझी तीनच वर्षं राहिलीत, मी आज ना उद्या जाणारच आहे. आणि लिहिलंस तू, पण वाचून गप्प बसले मी. यातलं मोठं कोणतं ते मला विचारू नकोस." मग थोड्या वेळानं, हळू आवाजात, "एवढंच कर. यापुढं एकही एकोणीस लिहायचं नाही."

मी म्हटलं, मग पोरी येणारच नाहीत. बाई म्हणाल्या, "खरं लिहायचं आणि मग पोरीचा हात सोडायचा नाही. नुसतं लिहून मोकळं व्हायला ती काय सातबाऱ्यावरची नोंद आहे?" बदलीचा कागद यायला उन्हाळा लागला. तेवढ्यात त्यांनी मला ते करूनच दाखवलं. एक सोळा वर्षांची पोर आली, तिचं सोळा लिहिलं, पोलिसांत कळवलं आणि बाई तिच्यासोबत दिवसभर चौकीत बसल्या. डबा घेऊन. हवालदार तिला प्रश्न विचारायला लागला की बाई म्हणायच्या, "थांबा, आधी तिला जेवू द्या, दोन जीवांची आहे." बालकांच्या समितीपुढंही त्याच उभ्या राहिल्या. गाव खवळलं. दोन महिने एकाही घरानं आमच्या दारात सून पाठवली नाही, माझ्या घरावर दगड आले. मग त्या सोळा वर्षांच्या पोरीला नगरच्या मोठ्या दवाखान्यात आधीच नेऊन ठेवलं, ती आणि तिचं लेकरू दोघं सुखरूप घरी आली, आणि त्यानंतर पहिली सून घेऊन कोण आली असेल? गयाबाई. जावेची सून होती. बाईंसमोर तिला उभी करून म्हणाली, "सतरा. खरं सांगते."

बाईंची बदली पारनेरकडं झाली, शिक्षा म्हणूनच. निरोपसमारंभ वगैरे काही झाला नाही. एस.टी.त चढताना त्यांच्या हातात एक पिशवी आणि तो डबा. मी म्हटलं, डबा तरी ठेवा. म्हणाल्या, "तिकडं काय सासवा नाहीत?" तिथूनच त्या निवृत्त झाल्या आणि राहात्याला भाच्याकडं गेल्या. मी एकदा भेटायला गेले होते. पार वाळल्या होत्या. माझं, घरच्यांचं काही विचारलं नाही. विचारलं, "बुधवारी किती येतात?" आणि मग, "एकोणीस?" मी म्हटलं, "खऱ्या एकोणिसाच्या दोन, बाई. खोटी एकही नाही." त्यांनी डोळे मिटले. झोप लागली असं वाटून मी उठले तर म्हणाल्या, "आरतीची पोर?" पहिलीत गेली, असं मी सांगितलं. "तिला मोजत राहा हं," एवढंच म्हणाल्या.

गेल्या पौषात बाई गेल्या. मला निरोप मिळाला तेव्हा दहावाही होऊन गेला होता. भाच्यानं एस.टी.च्या कंडक्टरबरोबर डबा पाठवून दिला. "मावशीनं सांगून ठेवलं होतं, कर्जतच्या मंगलला द्या," अशी चिठ्ठी वर चिकटवलेली.

डब्यात हुलगे होते. खड्यांची पुरचुंडी होती. आणि तळाशी, चौकटीच्या वहीचं घडी घातलेलं एक पान. मी उलगडलं. पानभर नुसतं एकोणीस लिहिलं होतं. अंकात, अक्षरात, ओळीवर ओळ. वरच्या ओळी मुंग्यांच्या, बाईंच्या. मग हळूहळू अक्षर सरळ होत गेलेलं, नवाची शेपटी वळायला लागलेली, कुठं खोडून पुन्हा गिरवलेली. शेवटच्या दोन ओळी मी बोटानं गिरवून बघितल्या. ते माझं अक्षर होतं. साहेब यायच्या आधी बाई बसून माझं अक्षर शिकल्या होत्या. साहेबांनी दोन कागद शेजारी धरले तेव्हा त्यांनी नीटच बघितलं होतं.

मी ते पान परत तळाशी ठेवलं, वर हुलगे ओतले, खडे मिसळले, हातानं ढवळले. खूप रडले. तोंड धुऊन, डबा घेऊन उपकेंद्राचं दार उघडायला गेले, कारण बुधवार होता.

पायरीवर एक नवी सासू उभी होती आणि तिच्यामागं एक पोर, पदर दातात धरलेली. मी काही विचारायच्या आतच सासू म्हणाली, "वय एकुनीस हाय बरं का, ताई."

मी डबा तिच्या हातात दिला, पोरीला आत घेतलं आणि दार लावलं.